पूर्वोदाहरण समजण्यात येऊ नये

सरकारी नोकरीतील माझी बहुतेक वर्षे इतरांची सेवापुस्तके चाळण्यात गेली. बांधकाम खात्याच्या एका मंडळ कार्यालयात आस्थापना शाखेचा कनिष्ठ लिपिक म्हणून मी रुजू झालो. पुढे बदल्या व बढत्या होत होत अखेर मंत्रालयातील अशा एका कक्षात स्थिरावलो, की जेथे सेवाखंड क्षमापनाचे प्रस्ताव, म्हणजे मधेच तुटलेली नोकरी निवृत्तिवेतनासाठी सलग धरावी अशा विनंत्या, राज्याच्या कानाकोपऱ्यांतून एकामागून एक येऊन पडत. या कामाची बाहेर कोणास वार्ता नसते, आणि खात्यातही ते रुक्ष समजले जाते. तथापि एका माणसासाठी राज्याने आपला नियम बाजूस सारावा की नाही, आणि सारावयाचा तर कोणत्या कारणाने, हा प्रश्न ज्या टेबलावर नित्य उभा राहतो तेथे बसून न्यायाविषयी मला जे उमगले, ते अन्यत्र उमगले असते असे मला वाटत नाही.

निवृत्तिवेतन म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे अखेरचा पगार येतो. ज्याने हे काम केले आहे त्याच्या डोळ्यांपुढे सेवेची बेरीज येते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ जिला अर्हताकारी सेवा म्हणतात, ती किमान १० वर्षे भरली तरच निवृत्तिवेतन लागू होते. त्याहून कमी भरली तर सेवा उपदानाची रक्कम एकदाच हातावर पडते आणि संबंध संपतो, इतका की अशा माणसाच्या पश्चात त्याच्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी पूर्वी ३३ वर्षे लागत. सहाव्या वेतन आयोगानंतर ती अट २० वर्षांवर आली. हिशेब सहामाहीने होतो, आणि वर तीन महिने किंवा अधिक उरले तर ती सहामाही पुरी धरतात. म्हणून ९ वर्षे ९ महिने म्हणजे १० वर्षे, आणि ९ वर्षे ८ महिने २९ दिवस म्हणजे साडेनऊ. एका दिवसाच्या या अंतराने एकास मरेपर्यंत दरमहा पैसे मिळतात आणि दुसऱ्यास ते कधीच मिळत नाहीत. रेषा कोठे तरी ओढावीच लागते हे मी जाणतो. पण माणूस रेषेच्या कोणत्या बाजूस पडला हे पुष्कळदा त्याने केलेल्या कामावर ठरत नसून, त्याच्या कार्यालयातील कारकुनाने कोणत्या तारखेस काय शेरा मारला यावर ठरते, ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली.

सेवा तुटण्याची कारणे नाना प्रकारची. तात्पुरत्या नेमणुकीची मुदत संपवून, एक दिवस मधे सोडून, दुसऱ्या दिवशी त्याच माणसास त्याच जागेवर पुन्हा आदेश देण्याचा शिरस्ता अनेक खात्यांत होता. त्या एका दिवसास तांत्रिक खंड असे भारदस्त नाव होते, आणि तो खंड पडावा म्हणूनच पाडलेला असे. कोणी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना अर्ज योग्य मार्गाने केला नाही, म्हणून त्याचा राजीनामा साधा राजीनामा ठरून मागची सगळी सेवा बुडाली. कोणी संपात गेला. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी २६ जुलै २००५ च्या पुरात दफ्तर भिजले आणि हजेरीपट, वेतनपट यांचा लगदा झाला. तेथील माणसांनी नोकरी केली होती याविषयी कोणाच्याच मनात शंका नव्हती, पण ती केल्याचा कागद उरला नव्हता. अशा वेळी समकालीन सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, कोषागारातील जुनी देयके, असे मिळतील तेथून पुरावे गोळा करावे लागतात. रोजंदारीवरच्या मजुरांची तर निराळीच कथा. १९६७ च्या कालेलकर तडजोडीने बांधकाम व पाटबंधारे खात्यांतील रोजंदार पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर येऊ लागले. परंतु ती पाच वर्षे सलग होती हे सिद्ध करावयाचे तर प्रत्येक पावसाळ्यात काम बंद पडल्याचे जे दिवस हजेरीपटात कोरे राहिले, त्यांचे काय करावयाचे, याचे उत्तर प्रत्येक उपविभागात वेगळे मिळे.

खंड क्षमापित करण्याची तरतूद नियमांत आहे. १९८२ च्या नियमांतील नियम ४८ अन्वये नेमणूक करणारा अधिकारीच हे करू शकतो. अटी तीन: खंड कर्मचाऱ्याच्या आवाक्याबाहेरील कारणाने पडलेला असावा; क्षमापन न केल्यास जी सेवा बुडेल ती पाच वर्षांहून कमी नसावी; आणि सर्व खंड मिळून एक वर्षाहून अधिक नसावेत. खंडाचे दिवस स्वतः जमेस धरले जात नाहीत, फक्त त्यामागची सेवा जिवंत होते. सेवापुस्तकात विरुद्ध नोंद नसेल तर दोन सेवांमधला खंड आपोआप क्षमापित समजावा, अशी उदार तरतूदही तेथेच आहे. मात्र राजीनामा, बडतर्फी आणि संप यांस ती लागू नाही. हे सगळे विचारपूर्वक केलेले आहे. ज्यांनी हे नियम रचले त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु कोणताही नियम पुढे येणाऱ्या सर्व माणसांस पाहून रचलेला नसतो. त्याच्या फटीत जो अडकतो त्याच्यासाठी मग शासनाकडे, नियम शिथिल करून विशेष बाब म्हणून मंजुरी मिळावी, असा प्रस्ताव जातो.

असाच एक प्रस्ताव, मी मंडळ कार्यालयात असताना, घाटाच्या पायथ्याच्या एका विश्रामगृहाच्या चौकीदारासाठी मी तयार केला. पुष्कळ वर्षे रोजंदारीवर काढून तो उतारवयात नियमित अस्थायी पदावर आला, आणि चतुर्थश्रेणीच्या रीतीप्रमाणे साठाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याचे सेवापुस्तक अजून माझ्या नजरेपुढे आहे. पहिल्या पानावर डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, शाई जास्त झाल्यामुळे पसरलेले. आणि तिसऱ्या पानावर तांबड्या शाईत आडवा शेरा, ‘सेवाखंड. पूर्वसेवा जमेस धरू नये’, खाली एक आद्याक्षरी सही, कोणाची ते आता कोणास सांगता येत नव्हते. शेऱ्यानंतरची सेवा ९ वर्षे ८ महिने १९ दिवस. शेऱ्यापूर्वीची सव्वा वर्ष. मधला खंड सुमारे चाळीस दिवसांचा, आणि त्याचे कारण असे की त्याच्या पदाची मुदतवाढ वरून वेळेवर आली नव्हती. ती आली तेव्हा उपविभागाने त्यास नव्याने नेमणूक दिली. तांबड्या शेऱ्यामुळे आपोआप क्षमापन होईना. बुडणारी सेवा पाच वर्षांहून कमी म्हणून कार्यकारी अभियंत्यास अधिकार पोहोचेना. अकरा दिवस कमी पडले म्हणून तो माणूस निवृत्तिवेतनावाचून घरी गेला होता.

त्या चाळीस दिवसांत तो घरी बसला होता काय, हे पाहावे असे मला वाटले, आणि मी विश्रामगृहाच्या जुन्या नोंदवह्या मागविल्या. बारदानात बांधलेल्या त्या वह्यांपैकी एकीत नेमक्या त्या दिवसांत उतरलेल्या अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. अंघोळीच्या गरम पाण्याची व सरपणाची आकारणी होती. आणि प्रत्येक पावतीवर पैसे घेणाऱ्याचा म्हणून जो अंगठा उठला होता तो त्याचाच होता. पगार मिळत नसताना, पद अस्तित्वात नसताना, त्याने रोज दारे उघडली होती, पाणी भरले होते, सरकारी पैसा घेऊन तो जमा केला होता. त्या पावत्यांच्या नकला मी प्रस्तावास जोडल्या. प्रस्ताव वर गेला, वित्त विभागाने विचारलेल्या दोन शंकांना उत्तरे गेली, आणि पुष्कळ महिन्यांनी आदेश आला. त्यात नियम शिथिल करून खंड विशेष बाब म्हणून क्षमापित केल्याचे म्हटले होते, वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक होता, आणि अखेरीस ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे शब्द होते. एका चौकीदाराच्या सव्वा वर्षासाठी राज्याच्या प्रमुखाचे नाव खर्ची पडावे, यात मला त्या दिवशी लोकशाहीचे मोठेपण दिसले आणि आजही दिसते. पण त्याच आदेशात आणखी एक वाक्य होते: ही बाब पूर्वोदाहरण समजण्यात येऊ नये. त्या वेळी ते वाक्य मी वाचून पुढे गेलो, कारण अशा प्रत्येक आदेशात ते असतेच.

त्याचा अर्थ मला दुसऱ्याच एका माणसाच्या प्रकरणात कळला. शेजारच्या जिल्ह्यातील एका मैलकुलीचे प्रकरण हुबेहूब तसेच होते: तीच उशिरा आलेली मुदतवाढ, तोच तांबडा शेरा, पाच वर्षांहून कमी असलेली पूर्वसेवा. खंडाच्या काळात पूल खचला तेव्हा तो रात्रभर कंदील घेऊन वाहने थांबवीत उभा होता, याचा दाखला शाखा अभियंत्याच्या दैनंदिनीत होता. त्याच्या कार्यालयाने चौकीदाराच्या आदेशाची प्रत मजकडून मागवून प्रस्तावास जोडली. प्रस्ताव परत आला. शेरा एका ओळीचा होता: संदर्भित आदेश विशेष बाब म्हणून निर्गमित झालेला असून तो पूर्वोदाहरण ठरत नाही, सबब विनंती अमान्य. प्रकरणात काय कमी होते, चौकीदाराहून तो कोणत्या बाबतीत निराळा होता, याविषयी एक अक्षर नव्हते. फेरविचाराचा अर्ज करण्यापूर्वीच तो मैलकुली वारला, आणि निवृत्तिवेतनच मंजूर नसल्यामुळे त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले नाही.

या घटनेपासून मी त्या वाक्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. ते का लिहिले जाते हे मी समजू शकतो. निवृत्तिवेतनाचा बोजा एका वर्षाचा नसतो. तो वीस-तीस वर्षे चालतो, आणि जो पैसा त्यात जातो तो शाळा, दवाखाने, धरणे यांच्याच तिजोरीतून जातो. एकास दिले की शंभर जण मागतील, ही वित्त विभागाची भीती काल्पनिक नव्हे, आणि ती बाळगणारे कोणी तरी सरकारात असलेच पाहिजे. परंतु त्या भीतीचे उत्तर एकास देताना कारण नीट लिहिणे हे आहे. त्याला देऊन इतरांस दार बंद करणे हे नव्हे. चौकीदारास जे मिळाले ते न्याय्य होते, तर मैलकुलीलाही ते मिळावयास हवे होते. मैलकुलीस ते नाकारणे योग्य होते, तर चौकीदारास दिलेले अयोग्य होते. पूर्वोदाहरण नाही असे म्हणून राज्य या दोहोंपैकी काहीच पत्करत नाही.

मंत्रालयात गेल्यावर मला एक उपसचिव बाई लाभल्या, त्यांच्या हाताखाली मी ही गोष्ट काम म्हणून शिकलो. माझी पहिली टिपणी त्यांनी परत पाठविली. प्रकरण करुण आहे, असा माझा सूर होता. कर्मचाऱ्याचे दारिद्र्य, त्याच्या मुलीचे लग्न, त्याचा आजार, हे सारे मी सविस्तर मांडले होते. बाईंनी समासात लिहिले होते की, या टिपणीतून माणसाचे नाव खोडले तर काय उरते ते पाहावे. मी पाहिले, आणि काहीच उरत नव्हते. मग मी ती पुन्हा लिहिली: खंड कोणाच्या आदेशातील विलंबाने पडला, त्या काळात काम प्रत्यक्ष झाले याचा पुरावा काय, नियमातील कोणती अट आड येते, ती अट कोणत्या हेतूने घातलेली आहे, आणि त्या हेतूस या प्रकरणात बाध येतो की नाही. टिपणी निम्म्याने लहान झाली आणि मंजूर झाली. गरिबी कोणाचीही असू शकते. हक्क कशातून निर्माण होतो हे लिहिले पाहिजे, असे बाईंचे म्हणणे असे. त्यांच्या कारकिर्दीत आमच्या कक्षातून गेलेल्या आदेशांत ते वाक्य असेच, कारण ते गाळणे त्यांच्या अधिकारात नव्हते. पण प्रत्येक आदेशाच्या प्रस्तावनेत कारणे इतकी स्पष्ट असत की पुढचा अर्जदार त्यांवर बोट ठेवू शकत असे, आणि नकार देणाऱ्यास फरक दाखवून द्यावा लागे.

याच्या उलट टोकाचीही प्रकरणे मी पाहिली आहेत. एका वरिष्ठ अधिकाऱ्याची फार पूर्वीची, शासनाबाहेरील एका संस्थेतील सेवा शासकीय सेवेस जोडून द्यावी, अशी फाईल एकदा आली. शिफारसपत्रे भरगच्च होती. कारणाच्या जागी ‘विशेष बाब’ एवढेच होते. मी प्रतिकूल टिपणी लिहिली, ती तशीच राहिली, आणि मंजुरी तिच्यावरून पुढे गेली. त्या आदेशात पूर्वोदाहरणाचे वाक्य ठळक होते, आणि ते तेथे असणे अपरिहार्य होते, कारण ज्या मंजुरीला सांगण्याजोगे कारण नाही तिचे अनुकरण कोणी करू नये अशी इच्छा असणारच. वर्षानुवर्षे फायली पाहून माझे मत असे बनले की ज्या आदेशात कारण सर्वांत दुबळे, तोच आदेश त्या वाक्यावर सर्वांत अधिक रेलून उभा असतो.

हा प्रश्न आपल्याच राज्याचा आहे असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. माझा एक पुतण्या न्यूयॉर्क राज्यात सरकारी नोकरीत आहे. त्याने एकदा तेथील विधेयकांच्या प्रती पाठविल्या, त्या मी मोठ्या उत्सुकतेने वाचल्या. तेथे कर्मचाऱ्याच्या नोकरीस लागण्याच्या तारखेवरून त्याची निवृत्तिवेतनाची श्रेणी ठरते. १ एप्रिल २०१२ पासून लागलेले सहाव्या श्रेणीत मोडतात आणि जुन्यांहून त्यांस कमी मिळते. एखाद्याने आधी अर्धवेळ काम केलेले असते, सदस्यत्वाचा कागद वेळेवर दाखल झालेला नसतो, आणि त्यामुळे तो नव्या श्रेणीत पडतो. अशा वेळी त्या एका माणसाच्या नावाने विधिमंडळात स्वतंत्र विधेयक मांडले जाते, दोन्ही सभागृहांत ते संमत व्हावे लागते, आणि मग राज्यपाल त्यावर सही करतात किंवा नकाराधिकार वापरतात. त्या विधेयकास जोडलेली एक गोष्ट मला फार आवडली: विमागणितज्ञाने काढलेला खर्चाचा आकडा, आणि तो खर्च कोण सोसणार याचे विधान. आमच्या फायलींत हा आकडा अंतर्गत टिपणीत राही. तेथे तो छापून सर्वांपुढे येतो. पण मूळ अडचण तीच. ज्याच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी विधेयक मांडावयास तयार आहे त्याचे काम होते. तशाच अडचणीतल्या दुसऱ्याचे होत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर तेथील काँग्रेसने सैनिकांसाठी असे व्यक्तिगत निवृत्तिवेतनाचे कायदे इतके केले, की राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी त्यांतील शेकडो नाकारले. राज्यपालांच्या नावे निघालेला आदेश असो की विधिमंडळाने केलेला कायदा, एका नावापुरता न्याय करावयाची सवय लागली की ज्याला दार ठोठावता येते तोच आत येतो.

आपल्याकडे १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने दिवाणी न्यायालयांस या दाव्यांपासून दूर ठेवले होते. त्यामागे निवृत्तिवेतन ही सरकारची मर्जी आहे अशी धारणा होती. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नकारा खटल्यात ती धारणा मोडून काढली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील त्या पीठाने निवृत्तिवेतन हे अनुग्रह नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे असे सांगितले, आणि एकाच वर्गातील निवृत्तांत केवळ तारखेच्या आधारे मनमानी भेद करता येणार नाही असेही सांगितले. निवृत्तांच्या संघटना हा दिवस अजून पाळतात, आणि योग्यच करतात. माझी खंत एवढीच की हक्काचे ते तत्त्व न्यायालयात मान्य झाले, तरी विशेष बाबीच्या फायलींत ते पुरते उतरले नाही. तेथे भाषा अजून मर्जीची आहे.

तरीही उलट दिशेची उदाहरणे आहेत, आणि त्यांनी मला उमेद दिली आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांस राज्याने जुने निवृत्तिवेतन बंद करून अंशदान योजना लावली. ज्यांची जाहिरात त्यापूर्वी निघाली होती, पण कार्यालयीन दिरंगाईने नेमणूक नंतर झाली, त्यांनी एकेकट्याने वर्षानुवर्षे अर्ज केले, दावे लावले. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने अखेर अशा सर्वांना जुन्या योजनेत येण्याचा विकल्प दिला. येथे कारण आधी शोधले गेले, आणि त्या कारणाखाली जे जे येतात ते सारे एकत्र धरले गेले. एकेकाला विशेष बाब म्हणून सोडवीत बसण्यापेक्षा राज्याला हे स्वस्तही पडले असावे असे मला वाटते, निदान फायलींच्या श्रमाच्या दृष्टीने तरी.

निवृत्तीनंतरही लोक सेवापुस्तकांच्या नकला घेऊन माझ्याकडे येतात. सध्या एका ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेचे प्रकरण हाती आहे; तिच्या तात्पुरत्या नेमणुका दर काही महिन्यांनी एक दिवस तोडून दिल्या गेल्या होत्या, आणि सेवापुस्तकात त्या प्रत्येक दिवसाचा स्वतंत्र शेरा आहे. तिला फक्त स्वतःचा अर्ज लिहून हवा होता. तिच्याच आदेशाच्या यादीत आणखी कोणकोण होत्या, असे मी विचारले. तेव्हा तिने नावे सांगितली, काहींचे फोन क्रमांकही तिच्याकडे होते. आता सर्वांसाठी मिळून एकच निवेदन आम्ही करीत आहोत, आणि त्यात वैयक्तिक परिस्थितीचा परिच्छेद नाही. त्यांच्यापैकी दोघींच्या सेवापुस्तकांच्या साक्षांकित प्रती अजून यावयाच्या आहेत. त्या आल्या की निवेदन आवक शाखेत देऊन पोच घ्यावयाची आहे.